कोरी जागा कुणाची? प्रतापगडाच्या आसपासचे दावे-प्रतिदावे

प्रतापगड म्हटले की मराठी माणूस जावळीच्या खोऱ्यात जातो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणखी एक प्रतापगड आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. डोंगराच्या परिसरात महादेव आहे, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष आहेत, आणि भोवती धानाची बांधी, तलाव आणि जंगल. जवळच गोठणगावाशी गाढवी नदी इटियाडोहाच्या धरणाने अडवलेली आहे. याच टापूत, पत्त्यात ‘प्रतापगड’ हे टपाल लिहिणारी नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून नांदते आहे.

गोंड, मराठे, इंग्रज आणि तिबेटी या सगळ्यांचा संबंध असलेला हा डोंगर एका जुन्या प्रश्नाचा आढावा घ्यायला सोयीचा आहे. युरोपीय लोक ‘नव्या’ भूमीत शिरले, तिचे नकाशे काढले, तिच्यावर हक्क सांगितले आणि त्या हक्कांवरून आपसांत भांडले, ही गोष्ट आपण अमेरिकेची, ऑस्ट्रेलियाची म्हणून शिकतो. फार तर गोवा, वसई, मुंबईची म्हणून. पण किनाऱ्यापासून इतक्या आत, वैनगंगेच्या खोऱ्यात ती कशी घडली? माझे मत आधीच सांगतो. इथे कोणी काही ‘शोधले’ नाही. कोलकात्याच्या टेबलावरच्या नकाशात एक कोरा तुकडा होता आणि त्या कोरेपणाची लाज व धास्ती वाटल्यामुळे माणसे पाठवली गेली. जमिनीवर मात्र हक्कांची इतकी दाटी होती की नवा हक्कदार कुणाला तरी सारल्याशिवाय उभाच राहू शकत नव्हता.

किनाऱ्याची कथा थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने पोर्तुगाल आणि स्पेनने न पाहिलेली पृथ्वी आपसांत वाटून घेतली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पडला, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या शतकात वेंगुर्ल्याला डच, राजापूरला इंग्रज आणि फ्रेंच अशा वखारी उघडल्या. १६६१ मध्ये मुंबई पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्याच १६६१ मध्ये शिवाजीराजांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली, कारण तिथल्या टोपीकरांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळा पुरवला होता. किनाऱ्यावरच्या सत्तेला टोपीकर कोण आहेत आणि कशासाठी आले आहेत, हे लवकर कळले होते. देवगड आणि चांद्याच्या गोंड राजांना ते कळण्याचे काही कारणच नव्हते. मिरे, कापड, घोडे यांचा व्यापार बंदरावर होतो. साल-सागवानाच्या जंगलात टोपीकराचे काय काम?

काम निघाले ते अठराव्या शतकात, आणि तेही दोन युरोपीय राष्ट्रांच्या भांडणातून. १७५३ मध्ये निजामाने फ्रेंच सेनानी बुसीला उत्तर सरकारचे जिल्हे, म्हणजे आजच्या आंध्रचा उत्तर किनारा, फौजेच्या खर्चासाठी लावून दिले. १७५९ मध्ये कर्नल फोर्डने मच्छलीपट्टण घेऊन फ्रेंचांचे तिथले बस्तान मोडले आणि काही वर्षांत ते जिल्हे इंग्रजांच्या पदरात पडले. बंगाल त्यांच्याकडे आधीच आला होता. आता कोलकाता आणि मद्रास ही दोन्ही टोके एका कंपनीची झाली. मधे काय होते? ओरिसा, संबळपूर, छत्तीसगड, वैनगंगेचे खोरे, आणि हे सारे नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेत किंवा दाबाखाली. रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ मध्ये अलिवर्दीखानाकडून ओरिसा आणि वर्षाला १२ लाखांची चौथ मिळवली होती. त्याच काळात देवगडचे गोंड राज्य त्यांनी वारसांच्या तंट्यात मध्यस्थ म्हणून शिरून खिशात घातले, चांदा घेतला, छत्तीसगड घेतला. थोडक्यात, कंपनीच्या दोन हातांच्या मधोमध नागपूरकरांचे धड होते. टपालाचा जासूद असो की पलटण, दुसऱ्याच्या मुलखातून जायचे तर परवानगी लागणार.

कंपनी या मुलखाकडे वळली ती फ्रेंचांच्या भीतीने की व्यापाराच्या लोभाने, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला कागदपत्रांचा सूर पाहता तिसरेच कारण मोठे वाटते: रस्ता. हिरे, कापूस, लोखंड ही नंतरची बाब. आधी हवा होता कोलकाता ते मद्रास आणि कोलकाता ते मुंबई सुरक्षित रस्ता.

पहिला लक्षात राहण्याजोगा प्रवासी मात्र हिऱ्यांसाठीच निघाला. १७६६ मध्ये क्लाइव्हने थॉमस मॉट याला संबळपूरला धाडले. महानदीच्या वाळूतले हिरे विकत घ्यायचे, आणि जमल्यास नागपूरकर ओरिसा सोडायला राजी होतील का तेही अजमावायचे, असे दुहेरी काम. हिरे मूठभर मिळाले आणि ताप मात्र भरपूर. हिऱ्यांची ख्याती संबळपूरपुरती नव्हती. प्रतापगडाच्या दक्षिणेला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. म्हणजे मॉटच्या पावणेदोनशे वर्षे आधी अकबराच्या दरबारात या जंगलातल्या मालाची नोंद झाली होती. अज्ञात भूमी म्हणतात ती हीच.

फ्रेंचांची सावली या प्रदेशावर सर्वांत गडद पडली ती १७७७-७८ मध्ये. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच वकील पुण्यात येऊन नाना फडणवीसांशी बोलणी करू लागला. त्याच्याजवळ अधिकार किती आणि बाता किती, हा वादाचा विषय आहे. पण कोलकात्यात वॉरन हेस्टिंग्जची झोप उडायला तेवढे पुरे झाले. पुणे फ्रेंचांकडे झुकत असेल तर नागपूर फोडले पाहिजे, असा हिशेब त्याने केला आणि मुधोजी भोसल्यांकडे अलेक्झांडर एलियटला वकील म्हणून रवाना केले. एलियट नागपूरला पोहोचलाच नाही. १७७८ च्या सप्टेंबरात छत्तीसगडातल्या सारंगढजवळ तो तापाने मेला. पॅरिस आणि लंडनचे वैर महानदीच्या काठच्या एका थडग्यापर्यंत आले ते असे. चारच वर्षांपूर्वी, १७७४ मध्ये, याच हेस्टिंग्जने एलियटचा मित्र जॉर्ज बोगल याला दुसऱ्या एका ‘बंद’ मुलखात, तिबेटमध्ये, पाठवले होते. नागपूर आणि बोगल गेला ते ताशिल्हुन्पो ही दोन नावे एका माणसाच्या दप्तरात शेजारी होती. त्या शेजाराकडे पुढे यायचेच आहे.

एलियटनंतरचे सारे लवकर लवकर घडले. १७८८ मध्ये जॉर्ज फॉर्स्टर नागपूर दरबारी वकील झाला. बंगालहून अफगाणिस्तान, इराणमार्गे इंग्लंडला जमिनीवरून जाऊन आलेला हा गडी. १७९१ मध्ये नागपुरातच वारला. १७९० मध्ये डॅनियल लेकी कटकहून बोरासांबर, डोंगरगड या वाटेने नागपूरला आला. त्याची दैनंदिनी १८०० साली लंडनमध्ये छापली गेली. डोंगरगडाहून नागपूरकडे यायचे तर आजच्या गोंदिया-भंडारा पट्ट्यातून उतरण्याला पर्याय नाही. तेव्हा छापील कागदावर आपल्या भागाचा युरोपीय प्रवेश मांडायचा तर मी लेकीपासून मांडीन. त्याच्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच ‘दक्षिणेकडचा बंजारे घाट’ येतो. याहून स्वच्छ कबुलीजबाब कोणता हवा? साहेब ज्या वाटेने आला ती लमाण तांड्यांची वाट होती. मीठ आणि धान्य लादलेले हजारो बैल ओरिसाच्या किनाऱ्यापासून नागपूरपर्यंत त्या घाटाने पिढ्यान्‌पिढ्या येत-जात होते. पाणी कुठे, चारा कुठे, कोणत्या जमीनदाराला किती द्यायचे, हे तांड्याच्या नायकाला तोंडपाठ होते. लेकीने ते लिहून घेतले, आणि लिहिणाऱ्याचे नाव मार्गाला चिकटले.

या सगळ्यांत वाचायला सर्वांत रंगतदार कॅप्टन जेम्स ब्लंट. १७९५ मध्ये तो चुनारहून निघाला आणि गोदावरीपलीकडे एल्लोर सरकारातल्या यर्नगुडेमला पोहोचला. रतनपूर, रायपूर, धमतरी, कांकेर, वैरागड असा त्याचा मार्ग. वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आला. ब्लंटचे काम उघड सांगण्याजोगे नव्हते: भोसल्यांच्या मुलखातून मद्रासच्या बाजूला वाट काढायची आणि मोजायची. मराठे अंमलदार त्याच्याकडे संशयाने पाहत, आणि ते योग्यच होते. त्याला बस्तरमध्ये शिरता आले नाही. पुढे दक्षिणेकडे गोंडांनी त्याची वाट अडवली, तोड्याच्या बंदुका आणि बाण चालले, त्याला माघार घेऊन दुसरी वाट धरावी लागली. ब्लंटच्या लिखाणात गोंड ‘रानटी’ आहेत. पण त्याचाच वृत्तांत जरा उलटा धरून वाचला, तर दिसते ते असे: सीमा कुठे आहे हे जाणणारे लोक, सीमेवर चौकशी करणारे लोक, न विचारता शिरणाऱ्याला हाकलणारे लोक. याला सार्वभौम सत्तेचा व्यवहार म्हणायला काय हरकत आहे? आपल्या इतिहासलेखनाने मात्र ब्लंटचे विशेषण उचलले आणि प्रसंग सोडून दिला. १७९९ मध्ये हेन्री कोलब्रुक नागपूरला आला तोवर वाटा बऱ्याचशा कागदावर होत्या. हा संस्कृतचा मोठा पंडित, पण नागपुरात त्याचे काम शुद्ध राजकारणाचे होते आणि त्यात त्याला यश आले नाही.

आता दुसरी बाजू. या मंडळींच्या आधी इथे हक्क कसे सांगितले जात?

सर्वांत जुना दावा गोंडांचा, आणि तो केवळ किल्ल्यांवर उभा नाही. याच गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. पारी कुपार लिंगोने तिथे कोंडलेल्या ३३ बालकांना सोडवले आणि त्यांच्यापासून कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, आणि सगा-गोत्रांची व्यवस्था सुरू झाली, अशी गोंडी परंपरा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज तिथे जमतो. आपला जन्म इथल्या दगडातून झाला, याहून जमिनीवरचा पक्का दावा माणूस काय करणार? नागपूरला १८४५ मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने लिंगोची कथा गोंडांच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये तो ओढ्यात बुडून गेल्यावर रिचर्ड टेंपलने त्याचे कागद १८६६ साली छापले. हिस्लॉप एका हाताने कथा टिपत होता आणि दुसऱ्या हाताने नागपूरच्या खडकांतले जीवाश्म. त्या खडकांच्या अभ्यासातून पुढे मेडलिकॉटने १८७२ मध्ये ‘गोंडवाना’ हे नाव वापरले आणि ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूसने १८८५ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या एका प्राचीन महाखंडालाच ते दिले. अंटार्क्टिकावर कोणत्या देशाचा हक्क, यावर सात देश आजही दावा सांगतात; त्या खंडाच्या जुन्या घराला नाव मात्र गोंडांचे. गोंडांना याची रॉयल्टी मिळालेली नाही.

दुसरा दावा पाण्याचा. प्रतापगडाच्या शेजारचा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी समाज हा तलाव बांधणाऱ्यांचा, ऊस आणि धान पिकवणाऱ्यांचा. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणवले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. चांद्याच्या गोंड राजांबद्दलही सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन बहाल होई. सनद नंतर येवो, आधी पाळ घाला. पोवार या खोऱ्यात पसरले तेही अशाच बोलीवर. भोसल्यांच्या कटक मोहिमेतल्या कामगिरीबद्दल वैनगंगेकाठच्या जमिनी मिळाल्या, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. जंगल तोडणारा, पाळ घालणारा, मोहिमेत जाणारा अशी ही हक्कांची चढती भाजणी, आणि वर राजाचा शिक्का.

इथे मराठी वाचकाला जरा टोचेल असे एक बोलायला हवे. आपण या गोष्टीत फक्त इंग्रजांना परके ठरवतो. वैनगंगेच्या खोऱ्यात मराठेही बाहेरून आले आणि तेही वारसांच्या भांडणात पंच म्हणून आले. १७३९ मध्ये देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारल्यावर त्याच्या राणीने रघूजींना मदतीला बोलावले. मदत केलेल्या पाहुण्याने आधी वाटा घेतला, मग कारभार घेतला, आणि गोंड राजाला नागपूरच्या किल्ल्यात मानाचा पेन्शनर करून ठेवला. शंभर वर्षांनी इंग्रजांनी भोसल्यांना हाच धडा जसाच्या तसा परत दिला. यादव माधव काळ्यांच्या ‘नागपूर प्रांताच्या इतिहासा’त ही सारी घडामोड तपशिलाने आहे, पण गोंड दरबाराच्या अंगाने ती अजून कुणी सलग मांडलेली नाही. ही उणीव मोठी आहे.

फरक इतकाच की मराठ्यांचा अंमल खालचे हक्क बहुधा जागच्या जागी ठेवी. जमीनदार खंडणी भरून जंगलात आपले राज्य चालवी. इंग्रज अंमल आला तेव्हा नोंदवही आली. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई, डिसेंबरात गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह: कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाला गेले. रस्त्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला. बंगाल आणि मद्रास जोडले गेले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने १८२६ पर्यंत राज्य हाकले.

त्या बदलाची पहिली ठिणगी आपल्याच भागात उडाली. गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये नव्या कारभाराविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने ते बंड मोडले, चिमणा पटेल कैदेत गेला आणि कामठ्याची जमीनदारी त्या कुणबी घराण्याकडून काढून लोधी घराण्याला दिली गेली. एका घराण्याचा पिढीजात हक्क कंपनीच्या एका हुकमाने दुसऱ्याकडे गेला, तोही कंपनीचे राज्य अधिकृतपणे सुरू होण्याच्या ३६ वर्षे आधी. वैनगंगा जिल्ह्याचा कारभार कॅप्टन विल्किन्सनकडे आला. ठाणे आधी लांजीला होते, १८२०-२१ च्या सुमारास भंडाऱ्याला हलले. जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ मध्ये कोलकात्यात छापून निघाला. त्यात पिके, जाती, महसूल, जमीनदाऱ्या सगळे आहे. लेकी आणि ब्लंटच्या वाटेवरच्या नोंदींचे आता खतावणीत रूपांतर झाले होते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. हे शेवटचे टप्पे खरे तर औपचारिक. ताबा नोंदवहीने आधीच घेतला होता.

नोंदवहीच्या जोडीला आले त्रिकोणमापन. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजायला सुरुवात केलेली रेषा उत्तरेकडे सरकत विदर्भात आली, आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने रेषा पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. हिंगणघाटला थांबलेला माणूस आणि हिमालयातले शिखर, ज्याला दुसऱ्या माणसाचे नाव मिळाले, एकाच खात्याच्या कामात बसतात. त्याच खात्याने १८६०च्या दशकात हिमालयापलीकडे हात घातला. आणि इथे आपण परत प्रतापगडाच्या पायथ्याच्या तिबेट्यांकडे येतो.

तिबेटच्या युरोपीय ‘शोधा’ची सुरुवात गोव्याच्या जेझुइट प्रांतातून झाली, हे मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. अंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट १६२४ मध्ये यात्रेकरूंच्या वेशात बद्रीनाथावरून माणा खिंड ओलांडून गुगे राज्याच्या त्सापरांगला पोहोचला. त्याचे पत्र १६२६ मध्ये लिस्बनला पुस्तकरूपाने निघाले आणि शीर्षकातच ‘नवा शोध’ होता. ज्या वाटेने तो गेला ती यात्रेकरू आणि व्यापारी यांची नित्याची वाट होती. लेकीचा बंजारे घाट आठवावा. आंद्राद पुढे गोव्यात प्रांतप्रमुख झाला आणि १६३४ मध्ये तिथेच विषप्रयोगाने मेला. यानंतर तिबेटवर हक्क कुणाचा, यावरून युरोपात पहिले भांडण झाले ते राजांचे नव्हे, साधूंचे. १७१६ मध्ये इप्पोलितो देसिदेरी हा जेझुइट ल्हासाला आला, तिथे राहून तिबेटी ग्रंथ शिकला, तिबेटीत लिहिले. पण रोमने तिबेटचे धर्मक्षेत्र आधीच कापुचिन पंथाला दिले होते. कापुचिनांनी कागद दाखवला आणि १७२१ मध्ये देसिदेरीला निघावे लागले. ल्हासाच्या एकाही रहिवाशाला न विचारता रोममध्ये तो मुलूख वाटला गेला होता. तोर्देसिल्यासची ही छोटी आवृत्ती मला मूळ तहापेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण इथे जो खरोखर शिकला होता तोच हरला.

बोगल १७७४ मध्ये पंचेन लामांना भेटला, व्यापाराचे दार मात्र उघडले नाही. एकोणिसाव्या शतकात ते दार आणखी घट्ट झाले, तेव्हा सर्वेक्षण खात्याने युरोपीय सोडून कुमाऊंचे भोटिया निवडले. मिलमचा शाळामास्तर नैनसिंग रावत १८६५ मध्ये निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. सुमारे २,००० पावलांचा एक मैल, असे त्याचे पाऊल बेतलेले. मोजणी त्याची, पण ती छापली त्याच्या वरिष्ठाने, कॅप्टन मॉन्टगोमरीने. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंगला सुवर्णपदक दिले, तेवढे औदार्य नोंदवायला हवे.

मोजणीनंतर फौज, हा क्रम इथेही चुकला नाही. रशिया ल्हासात शिरतो आहे या भीतीने व्हाइसरॉय कर्झनने यंगहजबंडला फौजेसह धाडले. सेंट ल्युबिनच्या भीतीने हेस्टिंग्जने एलियटला धाडले तेव्हाच्या कागदांत फक्त देशाचे नाव बदलायचे. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी जुन्या बंदुका घेतलेले शेकडो तिबेटी मशीनगनपुढे पडले. सप्टेंबरात ल्हासाचा करार झाला. पण नागपूरपेक्षा इथे एक मोठा फरक पडला. इंग्रजांनी तिबेट घेतला नाही. १९०७ मध्ये त्यांनी रशियाशी करार करून दोघांनीही तिथे हात घालायचा नाही आणि चीनचे अधिराज्य मानायचे असे ठरवले. या करारात तिबेट पक्षकार नव्हताच. १९१४ च्या सिमला परिषदेत तिबेटचा प्रतिनिधी बसला, पण चीनने अखेर सही केली नाही. पुढे चीनच्या फौजा आल्या, १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, आणि त्यांच्यामागोमाग आलेल्यांना मैनपाट, बायलाकुप्पे, मुंडगोड अशा ठिकाणी वसवले गेले. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले नोर्ग्येलिंग हे त्यांतले एक. बर्फाच्या पठारावरची माणसे धानाच्या बांधीत उतरली. हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगावी जाणे हा भारतभरच्या तिबेट्यांचा धंदा विदर्भालाही चांगला ठाऊक आहे.

सत्तेने जमिनीवर आपला माणूस ठेवला की कागदावर दुसऱ्याचा हक्क मानला, यावर खालच्या माणसाचे नशीब किती बदलते? गोंड आपल्या मुलखात राहिले, पण मुलूख त्यांचा राहिला नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झाले. निस्तारासाठी, म्हणजे घरगुती गरजेसाठी, आणलेले लाकूड सवलत ठरले. नागपूरहून राजनांदगावपर्यंतचा लोहमार्ग १८८२ च्या सुमारास झाला आणि बंजारे घाटाचे काम संपले; साल-सागवान डब्यात बसून जाऊ लागले. तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा महसूल भरणाऱ्या जमीनमालकांच्या, नावे चढले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, आणि पूर्व विदर्भात त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गाळ कुणी काढायचा, यावर पुढे जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खाते यांच्यात चालू राहिलेला घोळ या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिबेट्यांचे उलटे. त्यांचा दावा शाबूत आहे, भूमी शाबूत नाही; आणि जिथे ते राहतात तिथे मालकी नाही, भाडेपट्ट्याची व्यवस्था आहे. २०१४ च्या केंद्राच्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना दीर्घ मुदतीचे पट्टे करून देण्यास सुचवले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गोंडांच्या बाजूने पारडे थोडे हलले. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, ते देशातले आरंभीचे. गोंदिया जिल्ह्यातही ग्रामसभांनी दावे केले. दावा करताना पुरावे जोडावे लागतात. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी नियमांत आहे. गॅझेटियर, जनगणना, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जुन्या संस्थानांच्या आणि मध्यस्थांच्या नोंदी, हे सारे त्यात आहे. विल्किन्सनच्या आणि जेंकिन्सच्या कचेरीतून जी कागदांची ओळ सुरू झाली ती अशी ग्रामसभेच्या फायलीला येऊन लागते. एका जमातीचा हक्क काढून घेणारा अहवाल तिच्याच नातवंडांना झेरॉक्स काढून जोडावा लागतो.

त्याच यादीत पुढे विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जमिनीवर घातलेले बांध येतात. आणि गावातल्या दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले जबाबही येतात. जंगलातली वाट कुठून जाते आणि तलावाची पाळ कुणी घातली, हे जे लेकीने आणि ब्लंटने वाटाड्याला विचारले होते, ते आता ग्रामसभेची वनहक्क समिती गावातल्या म्हाताऱ्यांना विचारते आणि खाली त्यांचा अंगठा घेते.